वाचकांचे प्रश्न : टाकीचे पाणी आणि फिल्टरचा स्पंज

घरी नव्याने मत्स्यटाकी ठेवणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे बरीच येत आहेत. पाणी बदलणे आणि फिल्टरची निगा या दोन विषयांवरील निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन फूट लांबीची टाकी असून तीत चार गोल्डफिश आहेत. दर रविवारी आम्ही मासे बादलीत काढतो, टाकी पूर्ण रिकामी करतो, खडी मिठाच्या पाण्यात चोळून धुतो आणि फिल्टरचा स्पंज कपड्यांच्या पावडरीने नळाखाली स्वच्छ करतो. तरीही धुतल्यानंतर दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होते, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि एखादा दगावतोच. आम्ही आणखी काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आणखी काही करू नये, जे करता त्यातले बरेचसे थांबवावे. तुमच्या टाकीला अति स्वच्छता बाधते आहे.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, आणि न खाल्लेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा वायू पाण्यात विरघळलेला असल्याने डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे काचेसारखे नितळ पाणीसुद्धा माशांसाठी विषारी असू शकते. नदीत किंवा तळ्यात पाण्याचा साठा मोठा असल्याने तो विरून जातो. टाकीत मात्र त्याची विल्हेवाट जिवाणूंनाच लावावी लागते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही घातकच असते, कारण ते माशाच्या रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवते. मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकतात त्यामागे हे एक कारण असते. शेवटी उरणारे नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते आणि ते थोडेथोडे पाणी बदलून काढून टाकता येते.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजच्या छिद्रांत, खडीवर आणि काचेवर चिकटून राहतात, आणि त्यांची वाढ अगदी सावकाश होते. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर रविवारी मीठ, साबण आणि क्लोरीनयुक्त पाणी वापरून ही वस्ती पुसून टाकता, म्हणजे तुमची टाकी दर सोमवारी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पाणी दुधाळ होते तेही अशा विस्कटलेल्या टाकीत दुसरेच, झपाट्याने वाढणारे जिवाणू माजल्यामुळे. ते पाहून पुन्हा टाकी धुवायला घेतली की हे चक्र थांबतच नाही.

यापुढे टाकी रिकामी करू नये आणि मासे बाहेर काढू नयेत. आठवड्यातून एकदा सुमारे चतुर्थांश पाणी बदलावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास धरावे, म्हणजे एका वेळी ११-१२ लिटर बदलणे पुरते. पाणी काढण्यासाठी खडी साफ करण्याचा सायफन वापरावा. त्याचे रुंद तोंड खडीत खुपसले की तपकिरी गाळ नळीत उसळून वर येतो आणि जड खडी आपोआप खाली पडते. पाणी स्वच्छ येऊ लागले की नळी चिमटीत दाबून पुढच्या जागी सरकावी. एका आठवड्यात निम्मी खडी केली तरी चालते. नळी तोंडाने ओढण्याची सवय मात्र सोडावी. हाताने दाबायचा रबरी फुगा असलेला सायफन दुकानांत मिळतो.

काढलेल्या त्याच पाण्यात, बादलीत, स्पंज दोन-तीनदा दाबून पिळावा आणि तसाच परत बसवावा. तो तपकिरी दिसला तरी हरकत नाही, त्यातून पाणी विनाअडथळा वाहिले म्हणजे पुरे. साबण टाकीच्या, फिल्टरच्या किंवा या कामाच्या बादलीच्या जवळपासही येऊ देऊ नये. हात घालण्यापूर्वी फिल्टर आणि हीटरचे बटण बंद करावे, हे नव्या लोकांना आवर्जून सांगावे लागते.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो : चार गोल्डफिश या टाकीला जड आहेत. हा मासा भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि नीट वाढला तर वीतभर होतो. शक्य असल्यास ते मोठ्या टाकीत द्यावेत आणि येथे आठ-दहा गप्पी ठेवाव्यात. तोवर नवे मासे आणू नयेत, खाद्य निम्म्यावर आणावे, आणि जिवाणूंची वस्ती स्थिरावेपर्यंत दोन दिवसांआड थोडे पाणी बदलावे.

प्रश्न : आमच्या गावात नळाला पाणी येते, पण ग्रामपंचायत त्यात टीसीएल पावडर टाकते आणि पावसाळ्यात वासही येतो. घरी बोअरही आहे. टाकीसाठी कोणते पाणी वापरावे? – एक वाचिका, सातारा जिल्हा

उत्तर : दोन्ही चालतात, पण एकदा ठरवल्यावर वरचेवर बदल करू नये. टीसीएलमधून पाण्यात मिसळणारा क्लोरीन माणसासाठी आवश्यक आहे. माशांचे कल्ले मात्र तो जाळतो आणि फिल्टरमधील जिवाणूही मारतो. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी चोवीस तास उघडे ठेवल्यास तो उडून जातो, त्यात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडल्यास आणखी लवकर जातो. घाई असेल तेव्हा दुकानात मिळणारे अँटिक्लोरिनचे थेंब बाटलीवर छापलेल्या प्रमाणात घालावेत. त्यांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असते आणि त्याचा परिणाम जवळजवळ लगेच होतो. पावसाळ्यात वास अधिक असेल तर उघडे ठेवण्यावर विसंबून न राहता थेंबही वापरावेत.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, मात्र ते बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते. गप्पी आणि मॉलीला असे पाणी मानवते. धोका आहे तो दीर्घकाळ दुर्लक्षित टाकीत एकदम पुष्कळ बोअरचे पाणी ओतण्याचा. जिवाणूंच्या कामामुळे जुने पाणी हळूहळू आम्ल होत जाते, आणि आम्ल पाण्यात अमोनिया बव्हंशी कमी विषारी रूपात राहतो. नव्या पाण्यामुळे टाकीचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा वाढला की आम्लता घटते) ७ वरून ८ वर गेला तर तोच अमोनिया सुमारे दसपट घातक ठरतो. त्यामुळे महिनोन्‌महिने न बदललेले पाणी एका दिवसात बदलल्यावर धडधाकट मासे मरतात आणि दोष नव्या पाण्यावर येतो. अशा टाकीत पहिले काही दिवस एक-एक तांब्याच बदलत जावे.

थंडीत नव्या पाण्याचे तापमानही पाहावे. टाकीतल्या पाण्यापेक्षा एक-दोन अंशांहून अधिक फरक नसावा.

प्रश्न : विजेची बचत म्हणून आम्ही फिल्टर रात्री बंद ठेवतो. शिवाय आमच्याकडे भारनियमन असते. याने काही बिघडते का? – एक वाचक, अकोला

उत्तर : बिघडते. फिल्टरमधील जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो आणि तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. काही तास पाणी थांबले की स्पंजच्या आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये तर सडलेल्या अंड्यासारखा वास येणारे पाणी साचते, आणि बटण सुरू करताच ते सगळे टाकीत उतरते. छोट्या फिल्टरला वीज इतकी कमी लागते की रात्रीच्या बचतीतून एका माशाची किंमतही भरून निघत नाही.

भारनियमन तुमच्या हाती नाही, पण बॅटरीवर चालणारा एअरपंप घेता येतो, आणि त्यावर साधा स्पंज फिल्टर जोडला की हवा देणे आणि पाणी गाळणे ही दोन्ही कामे होतात. नवशिक्यांना मी तसाही स्पंज फिल्टरच सुचवतो : स्वस्त, धुवायला सोपा, पिल्ले ओढून घेत नाही, त्याचा बुडबुड आवाज ज्यांना खपत नाही त्यांनी दुसरा विचार करावा. वीज बराच वेळ गेली असेल तर त्या वेळात खाद्य देऊ नये, आणि बंद डब्याचा फिल्टर सुरू करण्यापूर्वी त्यातले साचलेले पाणी फेकून द्यावे.

प्रश्न : उन्हाळ्यात टाकीचे पाणी खूप आटते. आम्ही दर दोन दिवसांनी भर घालतो, मग वेगळे पाणी बदलायची गरज काय? – एक वाचिका, नागपूर

उत्तर : गरज आहे. वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात, आणि प्रत्येक भरीबरोबर क्षार वाढतच जातात. काचेच्या वरच्या कडेला पांढरी रेघ धरलेली दिसेल, ती याच क्षारांची. भर घालावीच, परंतु आठवड्याचे पाणी काढल्याशिवाय ती गणतीत धरू नये.

प्रश्न : फिल्टरच्या खोक्यावर दर महिन्याला आतला भाग बदलावा असे छापले आहे. हे खरोखर आवश्यक आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कार्बनपुरते खरे आहे. सक्रिय कार्बनची शोषणक्षमता काही आठवड्यांत संपते. पण रोजच्या टाकीला त्याची आवश्यकता नसते, औषध दिल्यानंतर पाण्यातील औषध काढण्यासाठी तो उपयोगी पडतो. स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे मात्र वर्षानुवर्षे टिकतात. स्पंज फाटू लागला तर नवा स्पंज जुन्याच्या शेजारी महिनाभर ठेवावा आणि मगच जुना काढावा.

प्रश्न : गणपतीत दहा दिवस कोकणात गावी जातो. टाकीचे काय करावे? – एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : स्पंज निघण्याच्या आठवडाभर आधी पिळून घ्यावा आणि पाणी निघण्याच्या दोन दिवस आधी बदलावे, दोन्ही कामे एकाच दिवशी आणि तीही शेवटच्या क्षणी करू नयेत. पूर्ण वाढलेले निरोगी मासे आठवडाभर सहज उपाशी राहतात, धोका अति खाद्याचाच असतो. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायची असेल तर खाद्याचा डबा कपाटात बंद करून चिमूट-चिमूट खाद्याच्या तीन पुड्या बांधून ठेवाव्यात आणि प्रत्येक पुडीवर वार लिहावा. फिल्टर चालू आहे ना, एवढेच त्यांनी दिवसाआड पाहावे.