दोन्ही फाइली एकाच पिशवीत

बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला, म्हणजे ऐरोलीची शिफ्ट सुटायच्याही आधी. गुडघे-घोटे सुजलेत, सकाळी तासभर पाय टेकवत नाही, आमवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आलीय, आणि चार महिन्यांपूर्वी सुरू झालेली एचआयव्हीची गोळी आठवडाभर बंद करून बघू का, असं विचारलंस. ते सगळं कळलं. पण माझी झोप उडवली ती मधल्या एका ओळीने. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "अजून काही औषधं चालू आहेत?" आणि तू म्हणालास, "काही नाही."

हेच दोन शब्द मीही बोलले होते.

आधी गोळीचं. ती बंद करायची नाही. बंद केलीस की विषाणू पुन्हा डोकं वर काढणार, आणि सांधे तर नुसत्या एचआयव्हीनेही सुजतात. बहुतेक वेळा गुडघे आणि घोटेच, आणि बऱ्याच जणांचे काही आठवड्यांत ओसरतात. दुसरंही एक होतं. उपचार सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती सावरू लागते, आणि पहिल्या काही महिन्यांत ती कधीकधी आपल्याच अंगावर उलटते. आमवातासारखे आजार अशा वेळी वर येतात. आणि आरए फॅक्टर आपल्यातल्या कितीतरी जणांचा आमवात नसतानाही पॉझिटिव्ह येतो. यातलं तुला नेमकं काय झालंय, की सांध्यात टीबीसारखा संसर्ग आहे, हे मी सांगू शकत नाही. तुझे हाडांचे डॉक्टरही सांगू शकत नाहीत, कारण अर्धी गोष्ट तू त्यांना सांगितलेलीच नाहीस. म्हणून म्हणते, हाडांची आणि एचआयव्हीची, दोन्ही फाइली एकाच पिशवीत ठेव.

आता माझं ऐक. माझं निदान २००४ चं. पुढे पहिली औषधं लागू पडेनात म्हणून सेकंड लाइनवर, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या औषधांवर गेले, त्यात रिटोनावीर नावाचं औषध होतं. एका वर्षी उजवा खांदा असा धरला की वेणी घालता येईना. ठाण्यातल्या एका खासगी दवाखान्यात गेले. औषधं कुठली? काही नाही. त्यांनी खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, आणि चार दिवसांत हात वर गेला. इतकी खूश झाले की दुखणं पुन्हा डोकावलं तेव्हा दुसरंही घेतलं.

महिनाभरात तोंड गोल झालं. शेजारणी म्हणायच्या, तब्येत सुधारली हो! मला मात्र पोळ्या लाटून पाटावरून उठता येईना, ओट्याला धरून स्वतःला ओढावं लागे. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या एका दमात होईनात. साखर वाढली. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "बाहेर कुठे इंजेक्शन घेतलंत का?" आणि मी तिथेही नाहीच म्हणाले. पंधरा दिवस! शेवटी रडत सांगितलं तेव्हा त्यांनी समजावलं: ते स्टेरॉइड यकृत एरवी मोडून टाकतं, रिटोनावीर ते मोडूच देत नाही, म्हणून ते महिनोन् महिने अंगात राहतं. इंजेक्शन चुकीचं नव्हतं, डॉक्टरही नाहीत. माझी फाइल घरी कपाटात होती, गोधडीखाली.

तू म्हणशील, ताई, तुम्ही का लपवलंत? कारण त्याआधी एका ठिकाणी फाइल उघडली तेव्हा त्या माणसाने ती दोन बोटांनी परत सरकवली होती. पोरगा आठ वर्षांचा होता. कोपरीच्या चाळीत भिंतीला भिंत, तिथे बातमी फुटली असती तर त्याला खेळायला कोणी घेतलं नसतं. आजही त्या वेळच्या मला मी पूर्ण दोष देत नाही. पण तेव्हा कायदा नव्हता. तुझ्यामागे आहे, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तुझ्या संमतीशिवाय ही गोष्ट सहसा पुढे सांगता येत नाही. ऑफिसात, घरमालकाला, मित्रांना सांगू नकोस, माझी काही हरकत नाही. पण जो तुझ्या अंगात औषध घालणार आहे, त्याला सांग. त्याला सांगच!

तुझ्या गोळीत रिटोनावीर नाही, मग मला काय, असं म्हणू नकोस. त्यात टेनोफोवीर आहे, मूत्रपिंडावर नजर ठेवावी लागते ती त्याच्यासाठी. आणि तू दिवसातून दोनदा डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेतोयस, तेही मूत्रपिंडालाच जाचणारं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, बघितलं का कोणी? कसं बघणार? वर कॅल्शियम लिहून दिलंय. रिकाम्या पोटी ते बरोबर घेतलंस तर तुझ्या गोळीतलं डोलुटेग्रावीर अंगी नीट लागत नाही. आपली गोळी कॅल्शियमच्या दोन तास आधी घ्यायची, नाहीतर सहा तासांनंतर. सहाव्या महिन्याला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, वर आला की मग तू म्हणणार, मी एकही डोस चुकवला नव्हता.

रागावले असेन तर असू दे. आमच्या गटातले एक माथाडी भाऊ जांघेतलं दुखणं वर्षभर 'पोती उचलून होतंय' म्हणत अंगावर काढत राहिले. एक्स-रे साफ आला होता. फाइल बघून कोणी एमआरआय सांगितला असता तर कळलं असतं की खुब्याच्या हाडाचं रक्त आटतंय. आपल्या लोकांत ते जास्त दिसतं. कळलं तेव्हा हाडाचं डोकं बसलं होतं. त्यांनाही मीच सल्ला दिला होता, कशाला सांगताय सगळ्यांना.

गुरुवारी तुला सुट्टी आहे ना? मी ठाण्याहून साडेआठची वाशी गाडी धरते, ऐरोलीला मधल्या डब्यात चढ. आधी एआरटीच्या डॉक्टरांकडे जाऊ, त्यांच्याकडून सांधेतज्ज्ञांसाठी चिठ्ठी घेऊ, आणि मग दुसरीकडे. तोवर डायक्लोफेनॅक थांबव, आणि आजच सेंटरला फोन करून दुखण्यावर काय घ्यायचं ते विचार. रक्ताचे रिपोर्ट, सगळ्या स्ट्रिप्स आण, अगदी मेडिकलवाल्याने सुट्ट्या दिलेल्याही. ग्रीन बुक, आपलं एआरटीचं पुस्तक, डब्याच्या खाली दडपू नकोस. वरच ठेव.

तुझी
ताई