रानात जाऊन पळू नका हो!

प्रश्न : ताई, लेकीकडे पर्थला आलेय. सगळे सांगतात सप्टेंबरात इथली रानफुलं बघा, म्हणून किंग्ज पार्कच्या रानात दोनदा जाऊन आले, पण वाळू आणि खुरटी झुडपं सोडून काही दिसलंच नाही. नेमकं बघायचं कुठे? आणि तिथे साप असतात का, खरं सांगा. – एक वाचक

उत्तर : काकू, आधी सांगा किती भराभर चाललात? पार्क 400 हेक्टरचं, त्यातलं दोन तृतीयांश रान जसंच्या तसं राखलंय, आणि आपण तिथेही मॉर्निंग वॉक उरकतो! पुढच्या वेळी दहा पावलं चाला आणि थांबा, नजर पायवाटेच्या कडेला, घोट्याच्या उंचीवर, कारण ऑर्किडं तिथेच असतात, वीत-दीड वीत उंचीची. डाँकी ऑर्किड पिवळं-तपकिरी, वर गाढवाच्या कानांसारख्या दोन पाकळ्या, अगदी टवकारलेल्या. हे महा लबाड फूल, आजूबाजूच्या वाटाण्याच्या कुळातल्या फुलांसारखं सोंग घेतं, मधमाशी फसते, मध काही मिळत नाही पण परागकण मात्र वाहून नेते.

कांगारू पॉ तर चुकणारच नाही, लालभडक मखमली देठ आणि हिरवी फुलं, हेच 1960 पासून वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल. तिथे पाच मिनिटं गप्प उभ्या राहा. हनीईटर पक्षी मध प्यायला आला की परागकण बरोब्बर त्याच्या डोक्यावर लागतात, फुलाची ठेवणच तशी आहे.

प्राणी म्हणाल तर उन्हं चढली की बॉबटेल नावाचा सरडा बघा, जाडजूड, खवले देवदारच्या फळासारखे, शेपूट इतकं आखूड की तोंड कुठलं तेच पटकन कळत नाही. घाबरला की निळी जीभ काढून दाखवतो, विषारी नाही, पण उचलायला जाऊ नका, चावतो कडकडून.

आता साप. आहेत हो, ड्युगाइट नावाचा चांगलाच विषारी असतो आणि वसंतात ऊन खायला बाहेर पडतो. बंद बूट घाला, पायवाट सोडू नका, दिसला तर त्याला जाऊ द्या. समजा चावलाच तर चालायचं नाही, प्रेशर बँडेज घट्ट बांधून हातपाय न हलवता 000 या इथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन.

पायवाट न सोडायचं आणखी एक कारण म्हणजे डायबॅक, मातीतून पसरणारा रोग, बँक्सिया नावाच्या इथल्या झाडांची मुळंच कुजवतो, आणि तो आपल्या बुटांच्या चिखलातून जातो, म्हणून आधी बूट झाडून घ्या. फुलं तोडणं तर बेकायदा आहे, देवाला म्हणूनसुद्धा नाही!

आणि सप्टेंबर हुकला म्हणून हळहळू नका, इथल्या मूळ रहिवासी नूंगार लोकांच्या 6 ऋतूंपैकी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा कंबरांग म्हणजे फुलांचाच ऋतू. फक्त जुनी सलवार घालून जा, ऑर्किडचा फोटो गुडघे टेकल्याशिवाय येत नाही.