सिझरनंतर बहीण घामानं भिजली, 'गरम होतंय' म्हणत होती, पण टेम्परेचर ९३ निघालं. असं का झालं?

मी कोल्हापुरात मॅटर्निटी वॉर्डला स्टाफ नर्स आहे, तुम्ही लिहिलंय तशी पेशंट मी स्वतः बघितलीय. गारगोटीकडची बाई होती, सिझर होऊन तीन तास झालेले, 'फॅन वाढवा हो सिस्टर' म्हणत होती, आई बिचारी पदरानं वारा घालत बसलेली आणि मी कपाळाला हात लावला तर गारठलेलं.

मणक्यात भूल दिली की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आतली ऊब पायांकडं जाते, म्हणून बऱ्याच जणींना हुडहुडी भरते, ते नेहमीचंच. पण दुखू नये म्हणून त्याच इंजेक्शनमधून थोडं मॉर्फिन पण देतात, ते मणक्यातल्या पाण्यातून हळूहळू वर मेंदूपर्यंत जातं आणि तिथं हायपोथॅलॅमस म्हणून अंगाची ऊब सांभाळणारा भाग आहे त्याचं सेटिंगच खाली येतं असं मानतात. मग ९३ असलं तरी मेंदूला ते जास्तच वाटतं, त्यामुळं काकडणं नाही, उलट घाम सुटतो, आणि घामानं अंग अजून गार पडतं. बहीण खोटं बोलत नव्हती बघा, तिला खरंच उकडत होतं. असं क्वचितच होतं, पण होतं.

घरचा साधा पाऱ्याचा थर्मामीटर ९४ च्या खाली दाखवतच नाही, म्हणून कधीकधी हे लक्षातच येत नाही.

आणि गार अंग, घाम म्हटलं की आम्ही आधी ब्लीडिंग, बीपी, नाडी बघतो, कारण रक्त जास्त गेलं तरी असंच दिसतं, ते आधी नाही ना हे बघायलाच लागतं. मग गरम हवेचं ब्लँकेट, कोमट सलाईन. त्यानं भागलं नाही तर भूलतज्ज्ञ मॉर्फिन उतरवणारं औषध अगदी थोडं देतात, थोडंच अशासाठी की जास्त झालं तर टाक्यांचं दुखणं लगेच सुरू होतं. बहुतेक जणी काही तासांत नॉर्मलला येतात.

एक कळकळीनं सांगते, नातेवाईक गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवतात ते अजिबात करू नका, पाय बधिर असतात, भाजलेलं कळत पण नाही. बाळ छातीशी असेल तर दोघांवर मिळून पांघरूण घाला, नाहीतर आईबरोबर बाळ पण गार पडतं.

पुढच्या वेळी ऑपरेशन असेल तर हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या, मग ते मॉर्फिन टाळून दुखण्याचं दुसरं काहीतरी ठरवू शकतात.