स्पॅनिश यादवी युद्धावर पाळीपाळीने खेळायचा मोफत गेम आहे का? त्यातून इतिहास कळतो का? माझा लॅपटॉप जुना आहे.

आहे. 'विनएसपीडब्ल्यूडब्ल्यू२' (winSPWW2) उतरवून घ्या. तुम्ही लॅपटॉप जुना असल्याचं लिहिलंय, त्याची काळजी नको. १९९५ साली एसएसआय कंपनीने काढलेल्या 'स्टील पँथर्स' मालिकेच्या पायावर कॅमो वर्कशॉप या छोट्या गटाने हा गेम उभा केला आहे. त्याची विकतची आवृत्तीही मिळते, पण मोफत आवृत्तीत लढायला काही कमी पडत नाही.

नावात दुसरं महायुद्ध असलं तरी यातला काळ १९३० पासून सुरू होतो. त्यामुळे स्पेनचं प्रजासत्ताक, म्हणजे तिथलं निवडून आलेलं सरकार, आणि त्याविरुद्ध उठलेले जनरल फ्रँकोचे राष्ट्रवादी अशी दोन्ही सैन्यं तुम्हाला निवडता येतात. नकाशा षटकोनी घरांचा असतो, एक घर म्हणजे साधारण ५० मीटर. आधी तुम्ही सगळ्या तुकड्या हलवता, मग समोरचा. पण तुमची पाळी चालू असताना शत्रू गप्प बसत नाही. त्याच्या नजरेच्या टप्प्यात आलात की तो तिथल्या तिथे गोळी झाडतो. मार खाल्लेली तुकडी आधी दबून बसते, मग मागे सरते आणि शेवटी पळ काढते. तिचा अधिकारी तिला सावरू शकतो, पण दर वेळी त्याला ते जमेलच असं नाही. या गेममधलं मला सर्वांत आवडणारं अंग हेच आहे, कारण इथे माणसं घाबरतात.

इतिहास कळतो का, याचं उत्तर मला सेसेन्याच्या लढाईने दिलं. २९ ऑक्टोबर १९३६ रोजी माद्रिदच्या दक्षिणेला असलेल्या या गावात प्रजासत्ताकाच्या बाजूचे सोव्हिएत टी-२६ रणगाडे घुसले. त्यांच्यावर ४५ मिलिमीटरची तोफ होती, तर राष्ट्रवाद्यांच्या इटालियन चिलखती गाड्यांवर आणि जर्मन पँझर-१ रणगाड्यांवर मुख्यतः मशीनगन. कागदावर हा सामना एकतर्फी वाटतो. मीही तसंच समजून प्रजासत्ताकाच्या बाजूने टी-२६ घेतले आणि सरळ गावात घातले. रणगाडे पुढे निघून गेले, पायदळ मागे शेतातच दबून बसलं, आणि घरांमध्ये लपलेल्या शत्रूने नकाशावरच्या शेजारच्या षटकोनात आलेले रणगाडे एकेक करून पेटवले. खऱ्या सेसेन्यातही पायदळ मागे राहिलं होतं आणि राष्ट्रवादी सैनिकांनी पेट्रोलच्या बाटल्यांनी रणगाड्यांवर हल्ला केला होता. पुस्तकात हे मी आधी वाचलं होतं, पण चांगले रणगाडे असूनही लढाई कशी हातची जाते, हे मला त्या दिवशी समजलं.

मग पायदळ रणगाड्यांवरच बसवून नेलं तर? गेममध्ये तसं करता येतं. प्रजासत्ताकाने ऑक्टोबर १९३७ मध्ये फ्वेन्तेस दे एब्रो इथे बीटी-५ रणगाड्यांवर तोच प्रयोग केला आणि त्यांना तो फार महागात पडला. तुम्हीही करून पाहा, गोळीबार सुरू झाला की वर बसलेल्यांचं काय होतं ते दिसेल.

पण लढाईच्या मैदानापलीकडचं यात काहीच नाही. हे युद्ध शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी लढलेलं होतं. दोन्ही बाजूंनी झालेल्या कत्तली, २६ एप्रिल १९३७ ला गेर्निका या गावावर पडलेले बॉम्ब, हस्तक्षेप न करण्याचा करार करून ब्रिटन आणि फ्रान्सने प्रजासत्ताकाची केलेली शस्त्रकोंडी, यातलं काही नकाशावर येत नाही. म्हणून याच्या जोडीला एखादं इतिहासाचं पुस्तक हवंच. आपल्याकडेही त्या युद्धाची धग पोचली होती. जून १९३८ मध्ये नेहरू बार्सिलोनाला गेले होते. त्याच वर्षी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या पथकातून चीनला गेले, त्याचे प्रमुख डॉ. अटल त्याआधी स्पेनमध्ये वैद्यकीय सेवा करून आलेले होते. हे कळल्यापासून मला स्पेन तितकंसं परकं वाटत नाही.

सुरुवातीला मोठी मोहीम घेऊ नका. पडदा बटणांनी भरलेला आहे आणि पहिले दोन-तीन दिवस गोंधळ उडेलच. स्वतःच छोटी लढाई जुळवा: साल १९३७, लहान नकाशा, पायदळाच्या दोन कंपन्या, थोड्या उखळी तोफा आणि फक्त तीन रणगाडे. पायदळाला आधी पुढे सरकू द्या, शत्रू कुठून गोळी झाडतो ते दिसू द्या, उखळी तोफांनी त्याला दाबा आणि मगच रणगाडे काढा. तुकड्या सावकाश हलवा, कारण धावणाऱ्या तुकडीला समोरचं नीट दिसत नाही आणि तिचा नेमही चुकतो.

संगणकाला हरवायला लागलात की ईमेलने पाळ्या पाठवून एखाद्या माणसाशी खेळा. तुमची तयारी झाली तर मला कळवा, मी राष्ट्रवादी बाजू घेईन आणि टी-२६ तुम्हाला देईन.