शांत बसलं की लाइट बंद का होतो?

प्रश्न: अभ्यासाच्या खोलीत सेन्सरवाला लाइट लावलाय. मी गुपचूप वाचत बसले की पाच मिनिटांत अंधार, मग दोन्ही हात वर करून हलवायचे, घरचे हसतात. सेन्सर खराब आहे का? आणि सासूबाईंच्या खोलीतही काहीतरी लावायचं मनात आहे, रात्री पडल्या-झडल्या तर कळावं म्हणून, पण कॅमेरा त्यांना अजिबात नकोय.

उत्तर: सेन्सर खराब नाहीये हो. त्याला माणूस दिसतच नाही, फक्त हलणारी ऊब कळते. या प्रकाराला पीआयआर म्हणतात. त्याच्यावरचा पांढरा प्लास्टिकचा घुमट जवळून बघा, बारीक बारीक चौकटी दिसतील, त्यातली प्रत्येक चौकट म्हणजे एक लेन्स. आत उष्णता ओळखणारे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात, म्हणजे दोघांवर सारखीच ऊब पडली की हिशोब शून्य. तुम्ही चालता तेव्हा ऊब आधी एकावर पडते मग दुसऱ्यावर, तेवढ्यात लाइट लागतो. स्थिर बसलात की त्याच्या लेखी तुम्ही आणि खुर्ची एकच. म्हणूनच समोरून आडवं गेलं तर पटकन कळतं, सरळ त्याच्या दिशेने चालत आलं तर उशिरा. आणि खोली ३४-३५ अंशांपर्यंत तापली की अंग आणि भिंत यात फरकच उरत नाही, तेव्हा तर तो आणखी गोंधळतो.

आधी फुकटातला उपाय करा, बऱ्याच सेन्सरवर वेळ वाढवायचा छोटा स्क्रू असतो तो फिरवा. तेवढ्याने भागलं नाही तर मग एमएमवेव्ह रडार, म्हणजे अगदी आखूड रेडिओ लाटा सोडून, आपटून परत आलेल्या लाटेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर. ६० गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम ५ मिलिमीटर, आणि श्वास घेताना छाती काही मिलिमीटर हलतेच, तेवढं त्याला पुरतं, झोपलेला माणूसही सापडतो. पण हा गडी जरा जास्तच हुशार. माझ्याकडे रिकाम्या खोलीत रात्रभर "माणूस आहे" म्हणत होता, मी दार उघडून तीनदा बघून आले, शेवटी कळलं की फॅन चालू राहिला होता. पडदा हलला तरी तेच. शिवाय पातळ पार्टिशनच्या पलीकडचा माणूसही मोजतो, म्हणून लावल्यावर रेंज कमी करायला विसरू नका.

सासूबाईंसाठीही रडारच बघा, पडल्याचं ओळखणारी मॉडेल्स मिळतात, शरीराची उंची झपकन खाली आली आणि मग हालचाल थांबली असा अंदाज बांधतात. चुकतात कधीकधी, त्यामुळे हाताशी बेलचं बटण हवंच. दुसरा पर्याय थर्मल सेन्सर, त्यात ८ बाय ८ म्हणजे फक्त ६४ ठिपक्यांचं उष्णतेचं चित्र येतं, चेहरा कुठून दिसणार. खोलीत कोण आहे हे मात्र या दोघांनाही सांगता येत नाही, त्यासाठी अंगावर टॅग लागतो, यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड, जवळच्या अंतराचा रेडिओ) वाला नीट बसवला तर दहा-वीस सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो, पण तो रोज आठवणीने घालणार कोण?

आणि एक, कॅमेरा नाही म्हणजे नजर नाही असं नसतं. त्या कधी उठल्या, बाथरूमला किती वेळा गेल्या हे सगळं रडारच्या ॲपमध्ये दिसू शकतं. तेव्हा लावायच्या आधी त्यांना विचारा, आणि ते ॲप कुणाकुणाच्या फोनवर असेल हे त्यांनाच ठरवू द्या.