घरात चौघं आहेत, ३० एमबीपीएसचा प्लॅन पुरेल का?

लातूरला घरी चौघं, मुलगी नीटची तयारी करते, तिची ऑनलाइन लेक्चरं मधूनच अडकतात, म्हणून ३० चा प्लॅन १०० चा करू का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर इतक्यात पैसे वाढवू नका.

हिशोब करून बघा. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट, लागतात, व्हिडिओ कॉलला ३-४. मुलीचं लेक्चर, तुमची मीटिंग, समोरच्या खोलीत टीव्ही आणि कुणाच्या तरी हातात मोबाइल, हे सगळं एकदम चाललं तरी २० च्या आतच बसतं. टीव्हीवर फोर-के बघत असाल तर त्या एकट्यालाच १५ च्या आसपास हवेत; तेवढं मात्र धरा.

मग अडकतं कुठं? परभणीला आमचं जुनं घर, भिंती दगड-मातीच्या, हात-दीड हात जाड. वायर टाकायला आलेल्या पोरानं राउटर ओसरीत, दाराजवळच टांगला. भाचा अभ्यासाला आतल्या खोलीत बसायचा आणि त्याचे क्लास रोज अडकायचे. मी सरळ १०० चा प्लॅन घेतला, सहा महिने पैसे भरले, पण त्याच्या खोलीत काडीचा फरक पडला नाही. शेवटी राउटरमधून लॅपटॉपला थेट लॅन केबल लावून स्पीड मोजला तर ९४, आणि त्याच लॅपटॉपवर आतल्या खोलीत वायफायनं ७. नेट घरात येत होतं, भिंती ओलांडत नव्हतं. मग लांब केबल ओढून दुसरा राउटर माजघरात ठेवला. आता तिथं ४० मिळतात. ते सहा महिने पोराचे वाया गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

राउटरवर दोन वायफाय दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झचं वेगवान असतं, पण भिंतीला लवकर हार मानतं. २.४ चं लांब पोचतं, मात्र हळू, आणि त्यात शेजारच्या राउटरांची गर्दी.

डाउनलोड करताना ३० च्या प्लॅनवर सेकंदाला पावणेचार मेगाबाइटच दिसले तर फसवणूक समजू नका. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि ८ बिटांचा एक बाइट.

महिनाअखेरीसच अडकत असेल तर डेटाची मर्यादा संपल्यावर स्पीड किती राहतो, ते नेटवाल्याला विचारा. अपलोडचा आकडाही विचारून घ्या, मीटिंगमध्ये तुमचा चेहरा त्याच्यावरच जातो. आणि लाइट गेली की राउटरही बंद पडतो, त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस घ्याच. परीक्षेच्या दिवसांत तो १०० च्या प्लॅनपेक्षा जास्त कामाला येईल.

आज रात्री नऊच्या सुमारास, सगळी गल्ली नेटवर असताना, केबल लावून मोजा, मग मुलीच्या खोलीत मोजा. केबलवरच ८-१० आले तर दोष नेटवाल्याचा, तक्रार करा. केबलवर २८ आणि खोलीत ६ आले तर राउटर हलवा.