घराच्या कौलांवर आलेल्या आंब्याच्या फांद्या स्वतः चेनसॉ घेऊन कापाव्यात का?

तुमच्या गावच्या घरावर जुन्या रायवळ आंब्याच्या दोन जाड फांद्या आल्या आहेत, ऑनलाइन ५२ सीसीचा चेनसॉ स्वस्तात मिळतो आहे, आणि तो घेऊन सुट्टीत स्वतःच फांद्या कापाव्यात की माणूस लावावा, असे तुम्ही विचारले आहे. माणूस लावा. ज्याने चेनसॉ कधी हातात धरलेला नाही त्याने तो पहिल्यांदा शिडीवर उभे राहून चालवू नये, यात चर्चेला जागा नाही. मात्र फांदी नेमक्या कोणत्या जागी कापायची, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेले नाही, आणि झाडाचे पुढचे आयुष्य त्यावरच ठरते.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घराच्या मागील दारी आजोबांच्या वेळचा रायवळ आहे. त्याच्याही दोन फांद्या अशाच पडवीवर झुकल्या होत्या आणि माकडे त्यांवरून उड्या टाकून कौले फोडत असत. तालुक्याच्या गावाहून एका कंत्राटदाराला बोलावले. त्याने पहिली फांदी खोडाला अगदी घासून कापली. काप इतका गुळगुळीत होता की थोरल्या काकांनी त्यावरून हात फिरवून, ‘काम म्हणजे असे हवे’ अशी पावती दिली. दुसऱ्या फांदीला मी त्याला हात लावू दिला नाही. फांदी खोडातून निघते तिथे तिच्या बुडाशी फुगवटा असतो आणि वरच्या बेचक्यात सालीची सुरकुतलेली वळी दिसते. तो फुगवटा झाडावर राखून त्याच्या लगेच बाहेर कापावे, असे माझे म्हणणे होते. काकांचे म्हणणे असे की खुंटी ठेवली की ती कुजते आणि कूज खोडात उतरते. खुंटी कुजते हे खरेच आहे, पण हातभर खुंटी ठेवणे वेगळे आणि जिवंत फुगवटा राखणे वेगळे, हे त्यांना पटेना. शेवटी नारळ पाडायला येणाऱ्या आमच्या गड्याकडून ती फांदी मी हातआरीने मला हवी तशी कापून घेतली, आणि त्यावरून घरात बरेच दिवस धुसफूस चालू राहिली.

आज दोन्ही घाव एकाच खोडावर पाहता येतात. फुगवट्याबाहेर कापलेल्या जागी नव्या सालीचे गोल कडे चहूबाजूंनी सारखे आत सरकत आले आणि आता मध्ये बोट जाईल एवढीच खाच उरली आहे. घासून कापलेल्या जागी घाव लांबट आणि परातीएवढा मोठा झाला. नवी साल दोन्ही बाजूंनी थोडी सरकली, पण वर आणि खाली आलीच नाही. मधले लाकूड तडकले, पावसाळ्यात त्यावर अळंबी उगवू लागली, आणि एका वर्षी कडेच्या भोकातून भुसा गळताना दिसला, म्हणजे खोडकिडा आत शिरला होता. तारेच्या आकड्याने अळी ओढून काढली. बोटभर लांबीची, पांढरट, काळ्या जबड्याची ती अळी मी काकांना तळहातावर ठेवून दाखवली. त्यांनी दोष पावसाला दिला.

याचे कारण अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चेनसॉने उभी चिरून शोधले आणि १९७७ मध्ये मांडले. झाड जखमी लाकूड पुन्हा नवे करत नाही. ते कुजणाऱ्या भागाभोवती आतून भिंती उभारते आणि वरून नवे लाकूड चढवून घाव झाकते. फांदीपुरती सर्वांत बळकट भिंत तिच्या बुडाशी, याच फुगवट्याच्या आत, तयार होते. खोडाला घासून कापणारा माणूस ती भिंतच काढून टाकतो आणि वर खोडाचे लाकूडही उघडे पाडतो. घावाला डांबर फासल्याने कूज थांबत नाही, डांबराखाली ओल मात्र टिकते. कोकणात खोडकिडा आणि बुरशी यांचा त्रास पाहता मी बोर्डो पेस्ट लावतो: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे, त्यात बुडवलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस थर आला तर चुना वाढवायचा.

जाड फांदी तीन कापांत उतरवतात. खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर पहिला काप खालून, साधारण चौथाई जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, म्हणजे फांदी तुटताना खोडाची साल सोलून नेत नाही. आणि उरलेली खुंटी तिसऱ्या कापाने फुगवट्याबाहेर. तुमच्या फांद्या कौलांवर असल्यामुळे त्या शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी काढाव्या लागतील, आणि प्रत्येक तुकडा आधी दोरखंडाने बांधून, दोर वरच्या भक्कम बेचक्यातून घेऊन, खालच्या माणसाने खोडाला वेढा देऊन हळूहळू सोडावा लागेल.

आता यंत्राविषयी. ५२ सीसी हा आकडा पाहून भुलू नका. वर्षातून दोनदा फांद्या तोडणाऱ्याला तो जड होतो आणि अनोळखी नावाच्या यंत्राचे सुटे भाग तालुक्यात मिळत नाहीत. जमिनीवर पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला ३० ते ३५ सीसी आणि १४ किंवा १६ इंची पात पुरते. चेन ब्रेक, म्हणजे यंत्र उसळताच साखळी थांबवणारी कळ, नसलेले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नका, कारण पातीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र उसळून तोंडाकडे येते. इंधन बहुधा ५० ला १, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, तरी पुस्तिका पाहावी. साखळीला जळके ऑइल घालू नका. यंत्र लाकडाच्या चकत्या उडवते तोवर साखळीला धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की दाब वाढवायचा नाही, कानस लावायची. काम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवा, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल धरते आणि पुढच्या वेळी कार्बुरेटर साफ करावा लागतो. मनगटाएवढ्या फांदीला मात्र ओढताना कापणारी चांगली हातआरीच बरी.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. फांद्यांजवळून विजेची तार जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही वर चढवू नका. ओली फांदी पाऊस सरल्यावर, कोरड्या हवेत कापावी. वाळलेली केव्हाही चालते. आणि उद्या पूर्ण झाड काढायचा विचार झालाच, तर आंबा हा वृक्षतोडीच्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या अनुसूचीत आहे, त्यामुळे खासगी जमिनीवरही परवानगी लागते. शहरी हद्दीत झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा लागू होतो, तिथे छाटणीपूर्वीच चौकशी करावी.

माणूस ठरवताना त्याच्याकडे किती मोठे यंत्र आहे ते विचारू नका. त्याला झाडाखाली नेऊन फांदी कुठे कापणार ते बोटाने दाखवायला सांगा. बोट खोडाला टेकले तर फुगवट्याबाहेर खडूने रेघ आखून द्या, आणि ती रेघ त्याला मान्य नसेल तर दुसरा माणूस पाहा, मग घरातील वडीलधाऱ्यांचे मत काहीही असो.